चिकनचा साधा रस्सा: पहिल्यांदाच पातेलं चढवणाऱ्यांसाठी

नवख्याचा रस्सा फसतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने. चिकन जास्त शिजतं आणि मसाला कच्चा राहतो. मनात धास्ती असते चिकन कच्चं राहण्याची, म्हणून ते पाऊण तास रटरटत ठेवलं जातं. वाटण मात्र दोन-चार मिनिटं हलवलं की लगेच त्यावर पाण्याचा तांब्या रिकामा होतो. मग ताटात येतं ते दोऱ्या सुटलेलं चिकन आणि त्याच्याभोवती कच्च्या कांद्याच्या वासाचं लाल पाणी. पुण्यात खोली करून राहत होतो तेव्हा माझे पहिले तीन रस्से असेच झाले. दोघं पार्टनर होते, त्यांनी ते निमूट खाल्ले, कारण रविवारी रात्री मेस बंद असायची.

खरं गणित उलटं आहे. दुकानात मिळणारं ब्रॉयलर चिकन पंचवीस मिनिटांत शिजतं. वाटण भाजायला, वाटायला आणि परतायला त्याच्या दुप्पट वेळ जातो, आणि चव तिथेच ठरते. तेव्हा खाली मी वाटणाबद्दल जास्त बोललो आणि चिकनबद्दल कमी, तर तो विसर समजू नका.

हा रस्सा आमच्या साताऱ्याकडच्या घरांतला आहे: भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि कांदा-लसूण मसाला. टोमॅटो, काजू, क्रीम यातलं काहीही यात पडत नाही. एक किलो चिकनमध्ये चार-पाच जण भाकरी आणि भाताशी पोटभर जेवतात. दोघांसाठी अर्धा किलो घेतलंत तर बाकी सगळं निम्मं करा, पण तेल आणि पाणी निम्म्यापेक्षा थोडं जास्तच ठेवा. लहान प्रमाणात पाणी भराभर आटतं आणि वाटण पातेल्याला लागतं. एकूण वेळ दीड तास धरा. पहिल्या खेपेला दोन.

दुकानात काय मागायचं

रविवारी सकाळी दहानंतर गेलात तर रांग लागेल. आखाडातल्या शेवटच्या रविवारी तर विचारूच नका, श्रावण लागायच्या आत सगळ्यांनाच उरकायचं असतं. गर्दीत दुकानदाराला विचार करायला वेळ नसतो आणि तुम्हालाही, म्हणून वाक्य पाठ करून जा: 'एक किलो, स्किन काढून, रश्शाला बारीक पीस.' मान आणि पाठीचे तुकडे काढून टाकू नका म्हणावं. त्यांवर खायला फारसं काही नसतं, पण रश्शाला चव हाडांतून येते. याच कारणासाठी बोनलेस घेऊ नका. ते सुक्याला ठीक. रश्शात छातीचे बिनहाडाचे तुकडे लवकर कोरडे पडतात आणि पाण्याला देण्यासारखं त्यांच्याकडे काही नसतं.

जिवंत कोंबडीचा भाव आणि कापून साफ केलेल्या चिकनचा भाव वेगळा असतो. पाटीवर कोणता लिहिलाय ते आधी विचारा. दीड किलोची जिवंत कोंबडी साफ होऊन किलोभराच्या आसपास भरते. कलेजी आणि पेटा हवा असेल तर तसं सांगा, नाहीतर तो बाजूच्या टोपलीत जातो. पेट्याला शिजायला वेळ लागतो, तो चिकनबरोबर पहिल्यापासून टाकायचा. कलेजी अगदी शेवटच्या सहा-सात मिनिटांत, नाहीतर तिचा खडू होतो.

गावरान कोंबडीचा मोह पहिल्या वेळी टाळा. चव तिची जास्त चांगली, यात वाद नाही. पण ती शिजायला तासभर किंवा त्याहून जास्त घेते, कोंबडी किती जुनी आहे त्यावर ते ठरतं आणि ते तुम्हाला बघून कळणार नाही. ब्रॉयलर चुकीला माफ करतं, आणि स्वस्तही असतं.

चांगलं चिकन फिकट गुलाबी दिसतं, हाताला बुळबुळीत लागत नाही आणि नाकाजवळ नेलं तर वास मारत नाही. परदेशात सुपरमार्केटमधून घेणार असाल तर मांडीचे हाडासकट तुकडे आणि तंगड्या घ्या, कातडी ओढून काढा. हलाल दुकानात सांगितलं तर तुकडेही करून देतात. फ्रीझरमधलं चिकन आदल्या रात्री खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात ठेवा. ओट्यावर दिवसभर वितळत ठेवणं हा धोका आहे, तो पत्करू नका.

धुण्यावरून थोडं

अन्नसुरक्षेची मंडळी सांगतात की कच्चं चिकन धुऊच नका. नळाखाली धरलं की पाण्याचे शिंतोडे उडतात आणि त्यांच्याबरोबर जंतू ओटाभर पसरतात. शिजताना ते जंतू मरणारच असतात, मग धुऊन काय मिळवलं? म्हणणं बरोबर आहे. पण आपल्याकडे चिकन लाकडी ओंडक्यावर कापलं जातं, त्याला हाडांचा चुरा, पिसाचं एखादं टोक, रक्त लागलेलं असतं, आणि न धुता पातेल्यात टाका असं मी माझ्या आईला सांगू शकत नाही. मधला मार्ग असा: नळाखाली धरू नका. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन चिकन त्यात बुडवा, हाताने हळू फिरवा, पाणी बेताने ओतून द्या, असं दोनदा. मग सिंक, सुरी, पाट आणि हात साबणाने धुवा. कोशिंबिरीचा कांदा त्याच पाटावर कापायचा नाही. तो कच्चाच खाणार आहात.

धुतलेलं चिकन चाळणीत निथळू द्या. मग त्याला अर्धा चमचा हळद, एक चमचा मीठ आणि आलं-लसणाचं दीड मोठा चमचा वाटण चोळा. इथे नुसता 'चमचा' म्हणजे चहाचा, 'मोठा चमचा' म्हणजे जेवणाचा. आलं-लसणासाठी पंधरा-सोळा लसूणपाकळ्या आणि दोन इंच आलं लागेल. सगळं एकदमच वाटा आणि त्यातलं थोडं फोडणीसाठी मागे ठेवा. मूठभर कोथिंबीर आलं-लसणाबरोबरच वाटली तर उत्तम. वाटलं तर अर्धं लिंबू पिळा, दही मी घालत नाही. हे झाकून अर्धा तास मुरू द्या. वाटण व्हायला तेवढा वेळ जाणारच आहे. उन्हाळा असेल तर फ्रीजमध्ये.

वाटण

लागेल ते असं: मध्यम आकाराचे तीन कांदे, पन्नास ग्रॅम सुकं खोबरं म्हणजे किसून वाटीभराच्या थोडं आत, एक मोठा चमचा धणे, एक चमचा तीळ, एक चमचा खसखस, चार लवंगा, सहा-सात मिरे, इंचभर दालचिनी, असलं तर बोटाच्या पेराएवढं दगडफूल. यातलं खसखस नसलं तरी चालतं. आखाती देशांत किंवा सिंगापुरात असाल तर ते नसलेलंच बरं, तिथे खसखशीवर कायद्याने बंदी आहे आणि ती बॅगेत सापडली तर निस्तरणं अवघड जातं.

तीनपैकी दोन कांदे वाटणासाठी उभे पातळ चिरा. तिसरा फोडणीसाठी अगदी बारीक.

जाड बुडाच्या कढईत आधी खोबरं, तेल न घालता, मंद आचेवर. हात थांबवायचा नाही. खोबरं बराच वेळ काहीच करत नाही, मग एकदम बदामी होतं आणि तुम्ही फोन बघेपर्यंत काळं. कढई तापलेली असते, म्हणून गॅस बंद केल्यावरही ते भाजतच राहतं. हव्या त्या रंगाच्या एक पायरी आधी ते ताटात काढा. त्याच कढईत धणे, लवंगा, मिरे, दालचिनी, दगडफूल मिनिटभर, वास सुटेपर्यंत. सगळ्यात शेवटी तीळ आणि खसखस, ती तडतडायला लागली की लगेच खाली.

आता कांदा. दोन मोठे चमचे तेल तापवा, उभे चिरलेले कांदे टाका, चिमूटभर मीठ घाला आणि मध्यम आचेवर परतत राहा. इथेच लोकांचा धीर सुटतो. कांद्यात जवळपास नव्वद टक्के पाणी असतं, आणि ते बाहेर पडून आटल्याशिवाय कांद्याला रंग येत नाही. पहिली पाच-सहा मिनिटं तो नुसता मऊ पडतो, पांढरट पारदर्शक होतो. बरेच जण इथेच म्हणतात, झाला. नाही झाला. आठव्या-नवव्या मिनिटाला कडा पिवळ्या होतात, वासातला तिखटपणा जातो आणि गोडसर वास येतो. बारा ते पंधरा मिनिटांनी सगळा कांदा विटकरी-तपकिरी होतो आणि कढईत टाकला होता त्याच्या पाव भाग उरतो. हा खरा भाजलेला कांदा. गॅस मोठा करून पाच मिनिटांत हे साधत नाही. मोठ्या आचेवर कडा जळतात आणि मध्यभाग कच्चा राहतो, मग रस्सा कडूही लागतो आणि उग्रही.

आमच्याकडे जुन्या बायका हे कढईत करतच नसत. सालासकट कांदा आणि खोबऱ्याची अख्खी वाटी चुलीच्या निखाऱ्यात सारायची, काळी पडली की बाहेर काढून जळकं साल सोलायचं. त्या वाटणाला धुराचा जो वास येतो तो कढईतल्याला येत नाही. गॅसवर जाळी ठेवून कांदा भाजता येतो, खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून फिरवता येते. खोबरं पेट घेतं, फुंकून विझवायचं. घरात धुराचा अलार्म असलेल्यांनी हा प्रयोग करू नये.

भाजलेलं सगळं पूर्ण गार होऊ द्या. गरम वाटण मिक्सरमध्ये घालून झाकण दाबलं की आतली वाफ झाकण उडवते, आणि छतावरचे तपकिरी डाग घरमालकाला समजावून सांगता येत नाहीत. आधी खोबरं आणि खडा मसाला कोरडाच फिरवा, मग कांदा आणि अर्धी वाटी पाणी घालून गंधासारखं बारीक वाटा. बोटांत चोळून बघा. कण लागत असतील तर अजून फिरवा. जाडसर वाटणाचा रस्सा ताटात फुटतो, पाणी एकीकडे आणि चोथा दुसरीकडे. मिक्सरचं भांडं विसळलेलं पाणी फेकू नका, ते रश्शात जाईल.

मसाला कोणता

कांदा-लसूण मसाला आता सगळीकडे तयार मिळतो. त्यात मिरची, कांदा, लसूण, खोबरं, खडा मसाला असं सगळं असतं आणि बहुतेक वेळा मीठही असतं. म्हणून मीठ शेवटपर्यंत हात राखून घालायचं. एक किलो चिकनला तीन मोठे चमचे मसाला मध्यम तिखट होतो. घरचा मसाला असेल तर दोनच घालून चव बघा, साताऱ्या-कोल्हापूरकडच्या घरच्या मसाल्याचा काही भरवसा नसतो.

रंग कमी वाटला म्हणून मसाला वाढवू नका, त्याने फक्त जाळ वाढतो. रंगासाठी एक चमचा ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीची पूड घाला. ब्याडगी हे कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातलं गाव, तिथली सुरकुतलेली मिरची रंगाला गडद आणि चवीला सौम्य असते. लवंगी बरोबर उलटी: दिसायला एवढीशी, आणि रंगापेक्षा तिखटच जास्त.

कांदा-लसूण मसाला मिळालाच नाही तर मिरचीपूड दोन मोठे चमचे आणि एक चमचा गरम मसाला यावर काम भागतं. गोडा मसाला मात्र यात घालू नका. तो आमटीला, भरल्या वांग्याला.

पातेलं चढवा

निदान चार लिटरचं जाड बुडाचं पातेलं घ्या. लहान पातेल्यात परतायला जागा नसते आणि हलवताना अर्धा मसाला ओट्यावर येतो. पाच मोठे चमचे तेल, शक्यतो शेंगदाण्याचं. हे तेल जास्त वाटेल. कमी केलंत तर तर्री येणार नाही, मग लेखाला दोष देऊ नका.

तेल तापलं की तमालपत्राची दोन पानं, मग बारीक चिरलेला कांदा. तो बदामी झाला की मागे ठेवलेलं आलं-लसूण घालून मिनिटभर परता. आता गॅस बंद करा. हो, बंद. कांदा-लसूण मसाला आणि मिरचीपूड कडकडीत तेलात टाकली की दहा सेकंदांत करपते, सगळ्यांना ठसका लागतो आणि रस्सा काळपट कडवट होतो. गॅस बंद करून, अर्धं मिनिट थांबून मसाला टाका आणि हलवा. तेल लालभडक होईल. मिरचीचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो, म्हणून पाणी पडायच्या आत मसाल्याची आणि तेलाची भेट झाली पाहिजे. तर्रीचं सगळं गुपित एवढंच आहे. रंग सुटला की लगेच वाटण घाला आणि गॅस पुन्हा मध्यम आचेवर लावा.

वाटण परतायला दहा-बारा मिनिटं लागतील. सुरुवातीला ते सगळं तेल पिऊन टाकतं आणि तुम्हाला वाटतं तेल कमी पडलं. घालू नका. ढवळत राहा, बुडाला लागत असेल तर पाण्याचा हबका मारा. कान द्या: आधी ओला फदफद आवाज येतो, वाटणाचे शिंतोडे मनगटावर उडतात. पाणी आटत गेलं की तो आवाज बसतो आणि तळल्यासारखी चरचर सुरू होते. वाटण पातेल्याला चिकटायचं सोडून गोळा होऊ लागतं, रंग एक छटा गडद होतो, कडेने तेलाचे थेंब चमकतात. याला तेल सुटणं म्हणतात. घड्याळ काहीही सांगो, तेल सुटल्याशिवाय चिकन टाकायचं नाही. माझे ते तीन रस्से याच ठिकाणी वाया गेले होते, आणि ते मला चौथ्या वेळी मावशीने फोन कानाला लावून ठेवायला सांगितल्यावर कळलं. तिने आवाज ऐकला आणि म्हणाली, 'अजून रडतंय ते, थांब.'

मुरलेलं चिकन त्याच्या अंगच्या पाण्यासकट पातेल्यात घाला. गॅस मोठा करा आणि चार-पाच मिनिटं वरखाली परता, प्रत्येक तुकड्याला मसाला लागून तो पांढरट पडेपर्यंत. मग आच मंद करा, पातेल्यावर खोलगट ताट झाका आणि त्या ताटात दोन तांबे पाणी ओता. झाकणावर पाणी ठेवण्याची ही पद्धत कुणी शोधली माहीत नाही, पण तिला तोड नाही. वरचं ताट पाण्यामुळे तुलनेने थंड राहतं, आतली वाफ त्याला लागून थेंब होऊन परत पातेल्यात पडते, त्यामुळे चिकन स्वतःच्याच पाण्यात शिजतं आणि बुडाला लागत नाही. शिवाय रश्शात घालायला गरम पाणी आपोआप तयार होतं.

आठ-दहा मिनिटांनी ताट सांभाळून उचला. चिकनला भरपूर पाणी सुटलेलं असेल. चांगलं हलवा आणि वरचं गरम पाणी आत घाला. सगळं मिळून सव्वा लिटरच्या आसपास पाणी, त्यात मिक्सरचं विसळलेलंही धरून. भाकरी कुस्करून खायची तर रस्सा पातळच हवा. ताटातलं पाणी नुसतं कोमट असेल तर दुसऱ्या शेगडीवर उकळून घ्या. गार पाणी घालायचं नाही, त्याने उकळी मोडते, रस्सा पुन्हा वर यायला वेळ लागतो आणि तोवर चिकन ताणलं जातं. आमच्याकडच्या बायका सांगतात की गार पाण्याने तर्री बसते. मी पडताळून पाहिलेलं नाही, कारण मला गार पाणी घालायचं धाडस होत नाही.

मोठ्या आचेवर खळखळून उकळी आणा, मीठ चाखा, साधारण एक ते दीड चमचा अजून लागेल. मग आच कमी करून, अर्धवट झाकून दहा-बारा मिनिटं. एवढंच. तंगडीच्या टोकाचं मांस हाडावरून मागे सरकलेलं दिसलं आणि जाड तुकडा सुरीच्या टोकाने टोचल्यावर स्वच्छ पाणी आलं की चिकन शिजलं. घरात अन्नाचा थर्मामीटर असेल तर जाड तुकड्याच्या मधोमध, हाडाला न टेकवता, ७४ अंश सेल्सियस दिसायला हवं. हाडाजवळ गडद लालसर दिसलं तर लगेच घाबरू नका. ब्रॉयलरचं वय जेमतेम दीड महिना असतं, हाडं कोवळी असतात आणि शिजताना त्यातला रंग मांसात उतरतो. मांस पांढरं आणि घट्ट असेल, पाणी स्वच्छ असेल, तर ते शिजलेलं आहे.

गॅस बंद केल्यावर कोथिंबीर भुरभुरा, झाका आणि पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका. रस्सा बसतो, तर्री वर येते, मीठ आत जातं.

कुकरवाल्यांसाठी: परतण्यापर्यंत सगळं असंच, मग पाणी निम्मं घालून मध्यम आचेवर एकच शिट्टी. वाफ गेल्यावर झाकण काढा, बाकीचं उकळतं पाणी घालून पाच मिनिटं उघडं उकळा. बंद कुकरमधून थेट ताटात वाढलेला रस्सा मला नेहमी मिळमिळीत लागतो. गावरान असेल तर मात्र कुकरच, पाच-सहा शिट्ट्यांपासून सुरुवात.

लहान मुलं असतील तर त्यांचं आधी काढा

तिखट न खाणाऱ्यांसाठी वेगळं काही रांधायची गरज नाही. मुरवलेल्या चिकनमधले चार तुकडे बाजूला घेऊन लहान पातेलीत थोड्या तेलावर कांदा परतून पाणी घाला आणि शिजवा. हळद, मीठ, आलं-लसूण, बस. याला अळणी म्हणतात, मीठ असलं तरी. ताप येऊन गेलेल्या माणसाला हेच देतात. पुष्कळ घरांत सगळंच चिकन आधी असं अळणी शिजवतात, मग तुकड्यांचं सुकं आणि त्या पाण्याचा रस्सा वेगळा करतात. रीत उत्तम आहे, पण दोन पातेली एका वेळी सांभाळायला हात बसावा लागतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी करून बघा.

वाढताना ज्वारीची भाकरी, थंडीत बाजरीची, बुक्कीने फोडलेला कांदा आणि लिंबू. शेवटी भात. भाकरी येत नसेल तर पोळी चालते, पाव त्याहून चांगला. कोकणात याच्याबरोबर वडे आणि सोलकढी असते, पण तिथला रस्साही वेगळा: ओल्या नारळाचं वाटण आणि मालवणी मसाला. खानदेशात काळा मसाला, नागपूरकडे सावजी, गोव्यात भाजलेल्या खोबऱ्याची शाकुती. प्रत्येकाचा जीव आपापल्या रश्शात असतो, त्यात पडू नये.

बिघडलं तर

मीठ जास्त झालं तर बटाटा टाका असं सगळे सांगतात. बटाटा मीठ शोषून घेतो हे खरं नाही, तो फक्त स्वतःपुरतं खारट पाणी पितो. उपाय म्हणजे बिनमिठाचं गरम पाणी वाढवणं, आणि रस्सा त्याने पातळ होईल म्हणून दोन चमचे भाजलेल्या खोबऱ्याचा कूट. तिखट जास्त झालं तर नुसतं पाणी घालून उपयोग नाही, तिखटही तेलातच असतं. नारळाचं दूध घाला, किंवा वरची तर्री पळीने वेगळ्या वाटीत काढा आणि ज्याला झेपेल त्याला वाढा. रस्सा पातळ पाण्यासारखा वाटला तर झाकण काढून मोठ्या आचेवर पाच मिनिटं आटवा, त्याआधी चिकनचे तुकडे बाहेर काढून ठेवा. कणीक किंवा मैदा लावून दाट करू नका. कच्च्या मसाल्याचा वास पाणी घातल्यावर लक्षात आला तर काही अंशी उकळून जातो, पूर्ण जात नाही. आणि वाटण जळलं, खोबरं काळं झालं, तर साखर-गूळ घालून झाकायच्या भानगडीत पडू नका. पन्नास ग्रॅम खोबऱ्यासाठी किलोभर चिकन फुकट घालवण्यात अर्थ नाही, ते वाटण टाकून दुसरं भाजा.

उरलेला रस्सा ओट्यावर रात्रभर ठेवू नका. जेवणं झाल्यावर दोन तासांच्या आत, पसरट भांड्यात काढून, फ्रीजमध्ये. तीन दिवस बिनघोर राहतो. लागेल तेवढाच काढून खळखळून उकळा, सारखं सगळं पातेलं गरम करून परत आत ढकलू नका. दुसऱ्या दिवशी तो जास्त मुरलेला आणि जास्त चांगला लागतो, फक्त तुकडे संपलेले असतात. त्यात चार उकडलेली अंडी सुरीने चिरा देऊन सोडली की सोमवारी रात्रीचंही भागतं, खोलीत कुणी सोमवार पाळत नसेल तर.